कोपऱ्यावर सामंतांना विचारावे

आमच्या नाहूरच्या वसाहतीत सामंतकाकांना कुणी पत्ता विचारला, तर ते पत्ता सांगत नाहीत. विचारणाऱ्याचा दंड धरतात आणि म्हणतात, "चुकलात ना? मग बरोबर आलात!" मग त्याला घरी नेऊन पाणी, चहा, गाव कुठलं याची चौकशी. शेवटी स्वतः दारापर्यंत सोडून येतात. एकदा तर मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी जेवायलाच बसवलं होतं.

माणसं चुकायचीही भरपूर. आमच्याकडे दुसऱ्या गल्लीनंतर एकदम चौथी यायची. तिसरी मागाहून झाली, म्हणून ती पाण्याच्या टाकीमागे. गेल्या वर्षी हे सगळे नंबर बदलले. आता ओळीने एक ते नऊ, प्रत्येक कोपऱ्यावर निळी पाटी आणि तिच्यावर बाण. रहिवासी संघाचा चिटणीस म्हणून त्यासाठी अर्ज मीच केले होते. पाट्या लागल्या त्या दिवशी मी पेढे वाटले. सामंतकाकांनी पेढा घेतला नाही.

पंधरवड्यात त्यांच्या कोपऱ्यावरचा बाण उलटा झाला. सहाव्या गल्लीचा सिलिंडर नवव्या गल्लीत! मी बाण सरळ करून घेतला, तर दोन दिवसांनी पुन्हा उलटा. सभेत सगळ्यांत मोठ्याने ओरडले ते सामंतकाकाच. "त्या जागेवर चकवा आहे, चकवा! आमच्या गावाला माणसं एकाच शेतात गोल गोल फिरायची. नंबर काढा, जुनंच ठेवा."

चकवा म्हणे, नाहूरला! दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना मी मुद्दाम त्या कोपऱ्यावरून आलो आणि जागच्या जागी थिजलो. स्टुलावर सामंतकाका, हातात पाना. बहात्तर वर्षांचा माणूस, जन्मभर सरकारी नोकरी केलेला, सार्वजनिक पाटीचा बोल्ट ढिला करत होता! माझ्या हातातली दुधाची पिशवी पडून फुटली.

"काका, तुम्ही?"

"ओरडतोस काय मेल्या? स्टूल धर आधी, पडेन मी."

धरलं. काय करणार? खाली उतरल्यावर सारवासारव करतील असं वाटलं होतं.

"पाटी लागली आणि अकरा दिवस कुणी काही विचारलं नाही रे," ते म्हणाले. "ही गेल्यापासून घरात बोलायला कोण आहे? चुकलेला माणूस निदान घटकाभर थांबतो तरी."

मला संताप यायला हवा होता, पण भरून आलं. मी पाना घेऊन बाण सरळ केला. काका स्टूल उचलून घरी गेले. त्यानंतर पाटी हलली नाही, पण काकाही कोपऱ्यावर दिसेनात. पाना पाहून बसला नसेल इतका धक्का मला त्याचा बसला.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. आमंत्रणात मी गल्लीचा नंबर गाळला आणि लिहिलं, 'कोपऱ्यावर सामंतांना विचारावे.'

"अहो, त्या नंबरांसाठी चपला झिजवल्यात ना?" बायको थक्क झाली.

पाहुणे तासभर उशिरा आले, सगळे चहा पिऊन. प्रत्येकाला सोडायला काका दारापर्यंत, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. "आत या ना," मी दर वेळी म्हणायचो. "थांब रे, अजून कोणीतरी चुकलं असेल."

आरती झाल्यावर प्रसादाचा द्रोण घेऊन मीच कोपऱ्यावर गेलो. काका पाटीखाली उभे होते.

"किती राहिले रे?"

सगळे कधीच येऊन जेवायला बसले होते.

"दोघं यायचेत अजून," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.