गारखेड्यातली खाचापुरी

पुंजाराम एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होता. इंजिन खोलून परत जोडलं आणि एक नट हातात उरला, असं त्याच्याकडून एकदाही झालं नव्हतं. त्यामुळे रविवारच्या स्वयंपाकाची त्याला काडीचीही चिंता नव्हती.

"पीठ, पनीर, चीज, लोणी. चारच पार्ट!" तो फोनवर लेकीला म्हणाला. "गिअरबॉक्सात किती असतात माहीत आहे का?"

"बाबा, गिअरबॉक्स खायचा नसतो," कालिंदी म्हणाली. ती जॉर्जियाला डॉक्टरकी शिकत होती. तिथल्या लोकांची चीज भरलेली जाड रोटी, म्हणजे खाचापुरी, तिनंच त्याला तव्यावर करायला शिकवली होती.

आता गारखेड्यात राहणाऱ्या माणसाला जॉर्जियात कशाला जायचं, असं कोणी म्हणेल. त्याला कारण होतं. त्याची बायको द्वारकाबाई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून पुंजारामाची थोरली बहीण भागूबाई, म्हणजे सगळ्यांची अक्का, एकच घोशा लावून बसली होती. घराला कुलूप लाव आणि देवगाव रंगारीला चल!

"डब्याचं खाऊन माणूस जगतो व्हय? वाळून खारीक झालास!"

शेवटी पुंजाराम वैतागला. "रविवारी तू आणि आपला धाकटा कारभारी या. माझ्या हातचं पोटभर जेवा. पोट भरलं तर हा विषय बंद. नाही भरलं तर त्याच दिवशी कुलूप लावतो आणि तुमच्या जीपमध्ये बसतो!"

त्याला हे घर सोडायचं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर द्वारकाबाईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. हरभरा डाळ. तीळ. 'हा उघडू नका, मुंग्या होतात.' देवगावात असलं काही नव्हतं.

पण वरण केलं असतं तर अक्का म्हणाली असती, द्वारकेचं वरण असं नसायचं. पिठलं केलं असतं तरी तेच. म्हणून त्यानं असा पदार्थ शोधला, जो द्वारकाबाईनं जन्मात केला नव्हता आणि अक्कानं जन्मात खाल्ला नव्हता. नाव ठेवायला जागाच नाही! ही युक्ती सुचली त्या दिवशी तो स्वतःवर इतका खूश झाला, की दोनदा आंघोळ केली.

तीन आठवडे सराव केला. पहिली खाचापुरी गटाराच्या झाकणासारखी झाली. दुसरी तव्यावर टायरसारखी फुटली. मग त्यानं पेटीतून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला आणि जाडी आठ एमएमवर आणून ठेवली. तेव्हापासून एकही फुटली नाही!

रविवारी सकाळी त्यानं यीस्ट आणि दही घालून मैदा मळला. गोळा असा गुळगुळीत केला, की बेअरिंगचा छराच! फुगायला ऊब हवी म्हणून परात गच्चीत उन्हात ठेवली, शेजारी दह्याची उरलेली वाटी ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. मग लोणी आणायला तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आणि अक्का अर्धा तास लवकर आली.

घरात कोणी नाही. अक्का हाका मारत गच्चीवर गेली. फडकं वाऱ्यानं उडालं होतं. उन्हात, परातीत, पांढरा शुभ्र गोल गोळा, शेजारी दही. आणि गोळ्यावर बोटाची एकही खूण नाही!

आपल्याकडे पीठ मळून झालं की बाई त्यावर चार बोटं उमटवते. नुसता गोल गोळा ठेवला तर तो पिंडासारखा दिसतो म्हणून. द्वारकाबाई कधी चुकली नाही. पण पुंजारामाला ते कोण सांगणार? जॉर्जियात बोटं उमटवत नाहीत!

"कारभाऱ्याऽऽ! वर ये! यानं गच्चीवर पिंड मांडला रे!"

धाकटा भाऊ कारभारी जीप तशीच सोडून धापा टाकत वर आला. "आन् दादा कुठं हाय?"

"आंघोळीला गेला आसंल. डोस्कं फिरलं त्याचं! वर्षश्राद्धाला अजून चार महिने हायेत!"

"आता गं?"

"आता मांडलाच हाय तर कावळा शिवल्याबिगर कसा उचलायचा? हात जोड!"

कारभारीनं हात जोडले. समोरच्या टाकीवर एक कावळा बसला होता, पण तो ढिम्म हलेना. म्हणजे द्वारकाबाईचं काहीतरी मागणं राहिलं होतं!

"द्वारके," अक्का मोठ्यानं म्हणाली, "कालिंदीचं शिक्षण पुरं करू!"

कावळ्यानं मान वळवली, एवढंच.

"वहिनी, तुमच्या नावानं शाळेला पंखे देतो!" कारभारी म्हणाला. "दोन! बरं, चार!"

कावळा पंख खाजवत बसला.

"पुंजाला आम्ही गावाला नेऊ, जपू!" अक्का म्हणाली. त्यावर कावळ्यानं चक्क पाठ फिरवली. अक्काचे डोळे भरून आले. "बरं बाई, नाय नेत! राहू दे त्याला इथंच, तुझ्या घरात!"

कावळा झेपावला आणि गोळ्यात चोच खुपसली!

"शिवला!" दोघं एकदमच ओरडली.

"हाऽऽड!" तिसरा आवाज जिन्यातून आला. लोण्याचं पाकीट भिरभिरत येऊन परातीवर आदळलं. कावळा उडाला. "माझी खाचापुरी!"

पुढची पाच मिनिटं गच्चीवर तिघं एकदम बोलत होते. पुंजारामाला आधी काहीच कळेना. कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ठरलं! मी इथंच राहणार. तू शब्द दिलास, अक्का."

"पिंडापुढं दिला. पिठापुढं नाय!"

वाद मिटेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वैजनाथ गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी परातीभोवती एक फेरी मारली, गोळा हुंगला.

"यीस्ट? मग हा पिंड नव्हे. तिथी नाही, तीळ नाहीत, संकल्प नाही. शब्द बांधत नाही." ते थोडं थांबले. "कावळा मात्र खरा होता."

म्हणजे सगळं परत जेवणावर आलं!

पुंजारामानं चोच लागलेला भाग कापून कावळ्यालाच टाकला आणि गॅस पेटवला. पिठाची वाटी, त्यात किसलेलं पनीर आणि चीज, वरून चुण्या घालून तोंड बंद, मग हातानं हलकं थापणं. तवा, वर झाकण. उलटली तेव्हा तिच्यावर खरपूस सोनेरी डाग पडले होते. त्यानं लोणी फिरवलं. अक्का दारात उभी राहून बघत होती. गेल्या आठ महिन्यांत ती इतका वेळ गप्प राहिली नव्हती.

"कांदा-लसूण?" गुरुजींनी विचारलं.

"नाही."

गुरुजी पाट ओढून बसले आणि तीन खाऊन उठले. कारभारीनं पाच खाल्ल्या. चिजाची तार ताटापासून त्याच्या मिशीपर्यंत ताणली गेली. ती तुटेना, तेव्हा त्यानं ती दोऱ्यासारखी बोटाला गुंडाळून खाल्ली. अक्का मात्र एकेक घास नीट चावत होती.

"कशी आहे?" पुंजारामानं विचारलं.

"द्वारका आसती," अक्का म्हणाली, "तर यात हिरवी मिरची घातली आसती."

झालं! जॉर्जियातसुद्धा द्वारका आधी जाऊन बसली होती. पण पुंजारामाला राग आला नाही. "व्हय," तो म्हणाला, "घातली असती." तो उठला, चार मिरच्या ठेचल्या आणि पुढची खाचापुरी तशी केली. ती जास्त चांगली झाली, हे त्यालाही मान्य करावं लागलं.

कारभारीनं हात धुतले, ढेकर दिली आणि समाधानानं भिंतीला टेकला. "दादा, नाष्टा लई झ्याक झाला. आता जेवायला काय?"

भाकरी नाही, वरण नाही, भाताचा दाणा नाही! आणि करायला येतही नव्हतं. पुंजारामानं हळूच किल्ल्यांच्या खिळ्याकडे पाहिलं. कारभारीनंही पाहिलं.

"हेच जेवण हाय," अक्का म्हणाली.

"पर अक्का, भाकर..."

"त्यानं जेवण म्हणून वाढलं, मी जेवण म्हणून खाल्लं. माझं पोट भरलंय. ऊठ, जीप काढ!" मग पुंजारामाकडे न बघता ती म्हणाली, "राहा बाबा इथंच. मिरची मात्र आठवणीनं घालत जा."

जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत पुंजाराम छाती काढून फाटकात उभा होता. एकतीस वर्षांत कुठल्याच बसकडे त्यानं इतक्या अभिमानानं पाहिलं नव्हतं.

दोन तासांनी अक्काचा फोन आला.

"पोचलो रे. या कारभाऱ्याची खोड जात नाय. वाटंत ढाब्यावर गाडी थांबवून तीन भाकरी हाणल्या त्यानं!"

"आणि तू?"

"मी? माझं पोट भरलेलं होतं ना! मी कशाला खाऊ?"

पलीकडे अक्का खाकरली.

"एकच खाल्ली."