जब्बारभाईंची उलंगवाडी

आमचे जब्बारभाई कुठलीही गोष्ट ठोकून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. कलिंगड आपण सगळेच ठोकतो. जब्बारभाई खुर्ची ठोकतात, मग बसतात. दार उघडं असलं तरी ठोकतात. त्यांच्या गॅरेजमध्ये कुणी गाडी घेऊन आला, की पहिली टकटक त्याच्या हेल्मेटवर. आत डोकं आहे की नाही, ही चौकशी नंतर. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून हात लांब करून त्यांनी गॅसचा सिलिंडर वाजवला आणि म्हणाले, "वहिनी, आठ दिवस." आठव्या दिवशी वरण अर्धकच्चं असताना गॅस गेला. तेव्हापासून माझ्या बायकोच्या मते या घरात अक्कल असलेला एकच माणूस येतो, आणि तो तिचा गणिताचा शिक्षक नवरा नव्हे.

एकदा त्यांच्या छातीत कळ आली म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर दोन बोटांनी छाती ठोकून पाहू लागले. जब्बारभाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, थोडं डावीकडं ठोका. तिथं साजरं वाजते."

जब्बारभाई दारव्ह्यात मोटारसायकली दुरुस्त करतात आणि ड्रम वाजवतात. या दोन कामांत काही फरक आहे, असं त्यांना अजून वाटलेलं नाही. आमचा रॉक बँड त्यांनीच उभा केला. मी शाळेत गणित शिकवतो आणि बेस गिटार वाजवतो. प्रफुल्लचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्याच्याकडे लीड गिटार. गायला वैशाली, बँकेत कॅशिअर. बँडचं नाव 'ढेकूळ'. हे नाव काहून, असं विचारलं तर जब्बारभाई सांगत, "रॉक म्हंजे दगड. आपल्या काळ्या वावरात दगड कुठून आणू? ढेकूळच निंगते."

आम्ही गणपतीत वाजवलं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं, एका कृषी प्रदर्शनात फवारणी पंपांच्या स्टॉलशेजारी वाजवलं. सगळी गाणी आमची स्वतःची. समोरून कुणीतरी ओरडायचंच, "भाऊ, वरातीतलं वाजवा ना!" जब्बारभाई थांबत, माइक ओढून घेत आणि शांतपणे म्हणत, "पहिले घोडा आण." तालाच्या बाबतीत तर त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. माझ्याच विद्यार्थ्यांसमोर ते मला म्हणाले आहेत, "सर, तुमची चेन ढिल्ली हाय." पोरं वर्षभर तेच म्हणत होती.

मग वैशालीला बढती मिळाली आणि बदली नाशिकला झाली. महिना-दीड महिन्यात हजर व्हायचं होतं. मी आणि प्रफुल्लने दबकत दबकत दुसऱ्या गायकाचा विषय काढला. जब्बारभाई म्हणाले, "इंजिन बदललं का ते गाडी दुसरी होते. बँड बंद." आमच्याकडे गोष्टी इतक्या सरळ संपतात. पुढच्या मिनिटाला त्यांनी जाहीर केलं, की जाण्याआधी एक अल्बम करायचा आणि तीन गावांचा दौरा. अल्बमचं नावही ठरवून टाकलं, 'उलंगवाडी'. कापसाचा शेवटचा वेचा झाला, की शेत मोकळं करून टाकतात, त्याला आमच्याकडे उलंगवाडी म्हणतात. कुणाला हरकत घ्यायला जागाच नव्हती.

स्टुडिओ परवडण्यासारखा नव्हता. प्रफुल्लच्या मामांची जिनिंग आहे, कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याची. तिथल्या गोदामात जब्बारभाईंनी भिंती ठोकल्या, तोंड वाकडं केलं, "बोंबलते." मग छतापर्यंत रचलेल्या रुईच्या गाठी ठोकल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे मुकाट्यानं आयकते." गाठींच्या मधोमध आम्ही ड्रम मांडले, प्रफुल्लचा लॅपटॉप ठेवला आणि दर रविवारी दोन गाणी, असं काम सुरू केलं. पहिलं गाणं इतकं सुरेख उतरलं, की वैशाली आपल्याच कानाशी बसून गाते आहे असं वाटावं.

दुसऱ्या रविवारी गाठी कमी दिसल्या. तिसऱ्या रविवारी आणखी कमी. मामांना विचारलं, तर ते आमच्याकडेच आश्चर्याने पाहायला लागले. "गाठी तं जाणारच ना! ट्रक लागून राह्यले रोज. तुमच्या गाण्यासाठी ठेवल्या का म्या त्या?" गोदामातली प्रत्येक वस्तू ठोकून पाहणाऱ्या माणसाने माल कधी उचलणार, एवढं मालकाला विचारलं नव्हतं. आम्ही तिघांनीही नव्हतं. शेवटचं, आठवं गाणं झालं तेव्हा गोदामात आम्ही चौघं, ड्रम आणि जमिनीवर उडणारी थोडी रुई, एवढंच उरलं होतं. वैशालीने एक ओळ म्हटली, की ती पत्र्यावर आपटून दोनदा परत यायची.

आठही गाणी ओळीने ऐकली तेव्हा प्रफुल्लने कपाळाला हात लावला. आवाज गाण्यागणिक लांब लांब जात होता. शेवटची चार गाणी पुन्हा करू, माझ्या घरी गाद्या लावून करू, असं तो म्हणू लागला. मला वाटलं, अर्ध्या मात्रेसाठी भांडणारे जब्बारभाई आता लॅपटॉप फेकणार. त्यांनी शेवटचं गाणं पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाले, "राहू दे. रिकामं होऊन राह्यलं, हे आयकू येते ना? मंग खरंच हाय ते. खोटं कायले करायचं?" वैशाली उठून बाहेर गेली. तो अल्बम मी आजही ऐकतो, आणि त्या माणसाच्या कानांना मनातल्या मनात हात जोडतो.

दौरा म्हणजे दारव्हा, कळंब आणि बाभुळगाव. काळी-पिवळी जीप ठरवली होती. मोठ्या ड्रमला जब्बारभाईंनी पुढची सीट दिली, आम्हाला मागे कोंबलं. कळंबला दुसऱ्याच गाण्यात लाइट गेली. गिटारी मुक्या झाल्या, माइक मेला. जब्बारभाईंनी काठ्या थांबवल्याच नाहीत. फक्त आवाज इतका उतरवला, की वैशालीचा नुसता गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. वीस मिनिटं ती दोघंच कार्यक्रम चालवत होती. लाइट आली तेव्हा लोकांनी "बंद करा" म्हणून आरडाओरडा केला. वीज मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नसावं.

बाभुळगावचा शेवटचा कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही सामान बांधत होतो. ड्रमच्या झांजा, म्हणजे जब्बारभाईंच्या भाषेत झाकणं, वैशालीकडे होत्या. वैशाली सहज बोलून गेली, "चला, आता गाणं संपलं. नाशकात मले कोण ओळखते? ऑफिस अन् घर." मी काहीतरी थातूरमातूर समजूत घातली. जब्बारभाई तिच्यावर एकदम भडकले, "झाकणं मोजून ठेव पहिले! बडबड नंतर." आयुष्यात त्यांनी तिला बेटा सोडून काही म्हटलं नव्हतं. ती डोळे पुसत जीपमध्ये बसली. निरोपालाही ते तिच्याकडे नीट पाहीनात. मला त्यांचा फार राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे.

दोन महिन्यांनी वैशालीचा फोन आला. नाशकातल्या एका बँडने तिला बोलावून घेतलं होतं. "सर, तुमी केलता का त्यायले फोन? ते म्हणतात, दारव्ह्याच्या कोण्या माणसानं नाशकातल्या वाद्याच्या दुकानायत रोज फोन करून करून त्यायचा नंबर काढला. नाव सांगितलं नाही. फक्त म्हणे, पोरगी पहिल्या गाण्याले घाबरते, तवा तिच्याकडं पाहू नोका. अन् रागावू नोका. माह्यासारखं कोणी रागावलं का रडते ते." 

मी तडक गॅरेजवर गेलो. जब्बारभाई एका जुन्या गाडीत डोकं खुपसून बसले होते. मी फोनचं विचारलं.

"म्या कायले फोन करू? मले काय कामं नाहीत का?" मान वर न करता ते म्हणाले. पाना फिरवत राहिले. बोल्ट घट्ट होऊन गेला होता तरी फिरवत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "घेतलं का मंग त्यायनं तिले?"

"घेतलं," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात पहिला कार्यक्रम आहे."

त्यांनी हात पुसले, उठले आणि रस्त्यापलीकडच्या टपरीकडे तोंड करून, बँडच्या तालमीनंतर मारायचे तशी हाक मारली, "चार चहा!"

आम्ही दोघंच होतो. चहा आला, त्यांनी चारही ग्लास बाकड्यावर ओळीने मांडले आणि मग त्यांच्या लक्षात आलं.  आम्ही दोघांनी दोन-दोन ग्लास चहा प्यायला.