प्रत्येकाचा एक खरा गुण

"नुसतं 'शुभेच्छा' लिहायचं आणि खाली सही ठोकायची, याला काय कार्ड म्हणतात? त्यापेक्षा रबरी शिक्का करून घ्या!" बायको म्हणाली.

हेडक्लार्क लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होते. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं ऑफिस बाहेरगावी जायचं आणि अडकलेल्या लोकांचे फोन घ्यायला हेडक्लार्क तेवढे मागे उरायचे. यंदा मात्र बायकोने समुद्रकाठची खोली ठरवली होती, तिकिटं काढली होती, बॅगसुद्धा भरून दाराशी ठेवली होती. रजेच्या अर्जावर साहेबांची सही तेवढी राहिली होती. ती मिळावी म्हणून ऑफिसात सगळ्यांना जरा मनापासून कार्डं लिहा, असा बायकोचा सल्ला होता.

"मनापासून म्हणजे काय लिहू?"

"प्रत्येकाचा एकेक गुण लिहा. पण खरा हं! उगाच कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका."

हेडक्लार्क डोकं खाजवत बसले. टेलिफोनबाईंना त्यांनी लिहिलं, 'तुमचा आवाज ऐकला की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही बाहेर यायची घाई राहत नाही.' मिस्त्रींना लिहिलं, 'आभाळ कोसळलं तरी तुम्ही पाना शांतपणेच फिरवता.' साहेबांच्या गुणापाशी मात्र गाडी बराच वेळ अडली. शेवटी लिहिलं, 'सही करण्यापूर्वी आपण खिडकीबाहेर बघत जो विचार करता, तो फार कमी लोकांना जमतो.' साहेब खरं तर खाली लावलेली आपली गाडी कुणी घासून जात नाही ना, एवढंच बघायचे. पण हे खुद्द साहेबही कार्ड वाचल्यावर विसरले.

दुसऱ्या दिवशी टेलिफोनबाईंनी रुमालाने डोळे टिपले, मिस्त्रींनी कार्ड हत्यारांच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवलं आणि साहेबांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. हेडक्लार्क मनातल्या मनात पोहायला लागले.

इतक्यात फोन वाजला. एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले होते.

"घाबरू नका हं, आजोबा," टेलिफोनबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "मला सांगा, लहानपणी तुम्ही कसे होता हो?"

"अहो मिस्त्री, पळा! माणूस अडकलाय!" हेडक्लार्क ओरडले.

"अहो हेडक्लार्क, तुम्हीच लिहिलंत ना? शांतपणे," मिस्त्री म्हणाले आणि पाना पुसत बसले.

दुपार कलल्यावर मिस्त्रींनी तिथे जाऊन लिफ्टचं दार उघडलं, तर आजोबा आतून खेकसले, "लावा ते दार! आत्ता कुठे माझ्या लग्नापर्यंत आलोय!"

ही बातमी त्या इमारतीत पसरली. मग कुणी मुद्दाम लिफ्टचं बटण दाबून धरू लागलं, तर कुणी दारात पाय घालू लागलं. एका काकूंनी आधीच फोन करून विचारलं, "मी संध्याकाळी अडकणार आहे. फोनवर त्याच बाई असतील ना?" लिफ्ट नीट चालते म्हणून एकाने रीतसर तक्रारही नोंदवली.

आणि साहेब खिडकीपाशी उभे.

"साहेब, माझा रजेचा अर्ज..."

"विचार चाललाय."

"कालपासून चाललाय, साहेब."

"फार कमी लोकांना जमतो तो," साहेब मागे न बघता म्हणाले.

घरून फोन आला. "झाली का सही?"

"साहेब विचार करताहेत गं."

"कसला?"

"तेच तर कुणाला कळत नाहीये!"

सुट्टीच्या आदल्या दिवशी हेडक्लार्कांचा धीर सुटला. ते साहेबांच्या खोलीत घुसले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, सही द्या, नाहीतर बायको मला घरात घेणार नाही!" साहेब दचकून वळले आणि त्यांचं लक्ष खिडकीवरून उडालं. त्यांनी पेन उचललं. "बरं, झाला विचार. जाऊन या."

पेन कागदाला टेकणार, तोच टेलिफोनबाई आणि मिस्त्री आत आले.

"तुम्ही आम्हाला एवढं छान लिहिलंत, मग आम्ही नको का लिहायला?" म्हणत बाईंनी एक कार्ड हेडक्लार्कांच्या हातात ठेवलं. "कालच देणार होतो, पण मिस्त्रींनी शांतपणे लिहिलं."

त्यात होतं, 'आम्ही सगळे सुट्टीला जातो तेव्हा तुम्ही एकटे मागे राहता आणि तुमच्या कपाळावर आठीसुद्धा नसते. तुमच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं.'

हेडक्लार्कांनी ते कार्ड छातीशी धरलं. उभ्या नोकरीत त्यांच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "पेन ठेवा."

घरी बायकोने ते कार्ड वाचलं. ती ओरडली नाही, तिने भांडी आपटली नाहीत. हेडक्लार्कांना त्याचीच जास्त भीती वाटली. तिने बहिणीला फोन केला, टेबलावरचं एक उरलेलं कोरं कार्ड घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि त्यांच्या हातात दिलं.

'मी बहिणीला घेऊन फिरायला निघाले तरी तुम्ही हसतमुखाने माझी बॅग स्टेशनपर्यंत पोचवता. तुमचा हा गुण मला फार आवडतो.'

"अगं, पण असं कधी झालंच नाही!"

"गुण असतोच हो माणसात. दिसायला वेळ लागतो."

हेडक्लार्कांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं, जपून खिशात ठेवलं आणि बॅग उचलली. चांगलीच जड होती, त्यांचेही कपडे तिच्यातच होते. पण स्टेशन येईपर्यंत त्यांनी चेहऱ्यावरचं हसू काही उतरू दिलं नाही.