गोलकीपरची चौकशी

समोरचा माणूस कोण, कुठला आणि कशाला आलाय, हे मी पाच मिनिटांत सांगतो. पोस्टाच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसल्यावर ही विद्या अंगात मुरते. पाकिटावर तिकीट चिकटवणाऱ्याच्या नुसत्या चेहऱ्यावरून मी सांगतो, आत लग्नपत्रिका आहे की कोर्टाची नोटीस. आयुष्यात एकदाच चुकलो. तेही अख्ख्या आळीसमोर, बॅण्डच्या साथीनं.

साल एक्क्याऐंशी. आगाशीच्या अलीकडं केळीच्या वाड्यांमध्ये आमची आळी आहे आणि आळीचा ‘यंग स्टार्स’ नावाचा फुटबॉल क्लब आहे. मी, पास्कल तुस्कानो, त्याचा सेक्रेटरी. क्लब निघाला तेव्हा आम्ही सगळे खरोखरच यंग होतो. पुढं क्लबनं नाव बदललं नाही आणि आम्ही खेळाडू बदलले नाहीत. मागच्या मोसमात नऊ सामने खेळलो, नऊही हरलो. दहावा पावसानं रद्द झाला आणि त्याचा एक गुण मिळाला. त्या आनंदात आम्ही कोंबडी कापली होती.

नऊ सामन्यांत आम्ही एक्केचाळीस गोल खाल्ले. म्हणजे खाल्ले एकट्या प्लासिडनं, आमच्या गोलकीपरनं. हा माझा मेहुणा, माझ्या क्लाराचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यापासून आमच्याकडंच असतो. भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात नोकरी, वय तेहतीस, दारू नाही, विडी नाही, कुणाशी भांडण नाही. अडचण एकच. समोरून काहीही जोरात आलं की हा बाजूला होतो. मग तो चेंडू असो की लग्नाचं स्थळ. मुलीकडची माणसं पुढच्या दारानं आत आली की हा मागच्या दारानं केळीत. अशी पाच स्थळं हातची गेली होती. क्लारानं आईला मरताना शब्द दिला होता, की प्लासिडचं लग्न मी करून देईन. पाचवं स्थळ परत गेलं त्या दिवशी ती चुलीपुढं बसून रडली होती, आणि ती सहसा रडत नाही.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “बॅप्टिस्टमामांनी प्लासिडसाठी वांद्र्याचं स्थळ आणलंय. मुलगी नर्स आहे. तिचे काका आधी गुपचूप येऊन चौकशी करणार आहेत. तुम्हाला कुणी विचारलं तर चार शब्द नीट सांगा.”

मी “हं” म्हटलं.

इथं माझी बाजू सांगायला हवी. त्या क्षणी माझ्या हातात सिनेमाचं मासिक होतं आणि त्यात विक्रांतकुमार या बड्या हिरोची मुलाखत होती. तो म्हणत होता, ‘मला फुटबॉलचं वेड आहे. एखादा पडता, गरीब क्लब दत्तक घ्यायचा विचार आहे. माझी माणसं शोधात आहेत.’ पडता आणि गरीब. मला तर कुणी आमच्याच आळीचा पत्ता छापल्यासारखं वाटलं. सोबत हिरोचा अर्ध्या पानाचा फोटो होता. अंगात राखाडी सफारी, त्याला चार खिसे, खांद्यावर पट्ट्या आणि कॉलरला तपकिरी काठ. असा सफारी मी जन्मात पाहिला नव्हता. बायकोचं बोलणं कानात गेलं, पण आत जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या क्रूसाच्या पायरीवर कमिटीची बैठक भरली. मी मुलाखत वाचून दाखवली.

“आपल्याला घेईल तो?” आमचा कॅप्टन ऑगस्टीन म्हणाला. ऑगस्टीनची केळीची वाडी आहे, त्यामुळं तो घड पिकेपर्यंत कशावर विश्वास ठेवत नाही.

“आपल्यापेक्षा पडता क्लब त्याला कुठं मिळणार?” मी विचारलं.

बेनेडिक्ट अर्नाळ्याचा, होडीवरचा माणूस. तो फॉरवर्डला खेळतो. तो म्हणाला, “बूट देईल काय? माजा एका पायाचा गेलाय.”

“बूट काय घेऊन बसलास? हिरोचा क्लब म्हटल्यावर परदेशी कोच येईल,” मार्सेल म्हणाला. हा आमचा फुलबॅक, वय शेहेचाळीस. “कोचला इथलं पानी बाधेल,” बेनेडिक्ट म्हणाला. मग कोचला कुणाच्या विहिरीचं पाणी द्यायचं यावर तासभर वाद झाला. शेवटी ऑगस्टीनची विहीर ठरली आणि मार्सेल रागावून घरी गेला.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आम्ही सराव करत होतो. तेवढ्यात गोलमागच्या चिंचेखाली एक पांढरी फियाट येऊन थांबली आणि आतून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले. अंगात राखाडी सफारी. चार खिसे. खांद्यावर पट्ट्या. कॉलरला तपकिरी काठ.

मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी जवळ गेलो आणि हळूच विचारलं, “आपण विक्रांतकुमारांकडून का?”

गृहस्थ चकित झाले. “हो, मी त्यांच्याकडंच असतो. बारा वर्षं झाली. तुम्ही कसं ओळखलंत?”

“तेवढं कळतं आम्हाला,” मी म्हटलं.

“मी फ्रेडरिक. तुम्ही पास्कल तुस्कानोच ना? इथं आल्याचं एवढ्यात कुणाला सांगू नका. मला त्या गोलकीपरबद्दल विचारायचं होतं. तुमच्याच घरात राहतो म्हणे.”

एवढी टीम सोडून यांची नजर नेमकी प्लासिडवर पडली. चाळीस माणसांच्या क्लबचं भविष्य एका माणसापायी जाणार! मी ठरवलं, खोटं बोलायचं नाही. मोठ्या माणसांशी व्यवहार उघड असावा.

“साहेब, खरं सांगतो,” मी म्हटलं. “त्याच्यावर जाऊ नका. तो अगदीच कच्चा आहे.”

“कच्चा म्हणजे?”

“नऊ वर्षं बघतोय. अंगावर जबाबदारी आली की डोळे मिटतो. एकदासुद्धा पुढं आला नाही. हातात आलेलं कधी हातात राहत नाही.”

फ्रेडरिकसाहेबांचा चेहरा उतरला. “आम्हाला तर वेगळंच कळलं होतं.”

“लोक तोंडावर चांगलंच बोलतात. पण तुम्ही काळजी करू नका, त्याला आम्ही काढणारच आहोत.”

“काढणार?”

“बाहेर. त्याच्या बहिणीला वाईट वाटेल, पण किती दिवस सांभाळायचा?”

साहेबांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, माझ्या सडेतोडपणाचं कौतुक करताहेत. मग ते म्हणाले, “तरी पुढच्या रविवारी अकराला येतो. रेजिनानं बजावलंय, तिनं बघितल्याशिवाय नाही म्हणायचं नाही. शेवटचा शब्द तिचा.”

हिरोच्या ऑफिसात शेवटचा शब्द कुणा रेजिनाचा असतो, हे मी मनात टिपून ठेवलं.

तो आठवडा आळीत कुणी धड जेवलं नाही. ऑगस्टीननं मैदानाच्या कडेनं केळीचे खुंट लावले. मार्सेलच्या बायकोनं, रिटानं, पडद्याच्या कापडावर ‘सुस्वागतम’ शिवलं. गोलमध्ये प्लासिडऐवजी मार्सेलला उभं करायचं ठरलं. मार्सेलचं पोट मोठं असल्यामुळं गोलची जागा आपोआपच कमी होत होती. राहता राहिला प्रश्न, प्लासिडला लपवायचा कुठं.

“त्याला बॅण्ड आणायला पाठवू,” मी म्हटलं. “मनवेलपाड्याहून टेम्पोत बसवून आणायचा. अकराच्या आत काही तो परत पोचायचा नाही.”

प्लासिडला सांगितलं तर तो “बरं, भावोजी,” म्हणाला. तो नेहमी तसंच म्हणायचा.

शनिवारी रात्री क्लारा म्हणाली, “उद्या अकराला पाहुणे घरी येताहेत. प्लासिडला कुठं पाठवू नका. मी सांदणं आणि कोंबडीचा रस्सा करतेय.” मी “हं” म्हटलं. क्लबसाठी बायको आपणहून एवढं करतेय, या विचारानं मला भरून आलं होतं.

रविवारी बरोबर अकराला फियाट आली. फ्रेडरिकसाहेब उतरले, त्यांच्या मिसेस उतरल्या आणि मागून निळ्या साडीतली तिशीची एक बाई उतरली. ताठ मान, मनगटावर पुरुषी घड्याळ. हीच रेजिना, मी ओळखलं. ऑगस्टीननं पुढं होऊन तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. ती दोन पावलं मागं सरकली. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

“हे सगळं कशासाठी?” तिनं विचारलं.

“आपल्यासाठी,” मी म्हटलं. “आजपासून आम्ही अकराच्या अकरा जण आपले.”

“अकरा?” रेजिना काकांकडं वळली. काका सफारीच्या वरच्या खिशातून रुमाल काढून घाम पुसायला लागले.

तिनं गोलकडं पाहिलं. शेवटचा शब्द कुणाचा ते मार्सेलला माहीत होतं, त्यामुळं तो चेंडू नसतानाही डावीउजवीकडं झेपा घेत होता आणि दर झेपेनंतर उठून तिच्याकडं बघून हसत होता.

“गोलकीपर हेच का?”

“आता हेच,” मी म्हटलं. “जुन्याला हलवलाय. यांचा अनुभव दांडगा आहे. चार मुलांचे बाप आहेत.”

रेजिनानं शांतपणे गळ्यातला हार काढला आणि काकांच्या हातात दिला. “अंकल, गाडीत बसा,” ती म्हणाली.

नेमकी तेव्हाच क्लारा आली. पिठाचे हात तसेच, केसांत चुलीची राख. “फ्रेडरिक अंकल, घर तिकडं आहे. मी केव्हाची वाट बघतेय,” ती म्हणाली. मग तिनं खुंट पाहिले, सुस्वागतम पाहिलं, हार पाहिला आणि शेवटी मला पाहिलं. “प्लासिड कुठाय?”

“बॅण्ड आणायला गेलाय,” मी म्हटलं.

“कुणाच्या लग्नाचा?”

या प्रश्नानंतर माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसली. वांद्र्याचं स्थळ. नर्स. काका. चौकशी. तरीसुद्धा शेवटचा आधार म्हणून मी फ्रेडरिकना विचारलं, “पण तुम्ही विक्रांतकुमारांकडं आहात ना?”

“त्यांचे कपडे शिवतो मी,” ते म्हणाले. “उरलेल्या कापडात माझाही एक निघतो.”

मग त्यांनी, मी प्लासिडबद्दल काय काय सांगितलं होतं, ते क्लाराला जसंच्या तसं सांगितलं. शिंप्याची स्मरणशक्ती, एक टाका चुकला नाही. ‘किती दिवस सांभाळायचा’ हे आलं तेव्हा क्लारानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती फक्त म्हणाली, “आता आईला मी काय सांगू?” मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गंमत म्हणून नाही, खरंच वाटलं.

आणि क्रूसाच्या वळणावरून बॅण्ड वाजायला लागला.

टेम्पो मैदानात शिरला. मागं बारा वाजंत्री, पुढं ड्रायव्हरशेजारी पांढऱ्या शर्टातला प्लासिड. कुणीही म्हणालं असतं, नवरदेव आला. तो खाली उतरला आणि त्यानं समोर पाहिलं. बहीण, अनोळखी बाई, दीडशे माणसं. त्यानं मागं पाहिलं. मागं टेम्पो आणि ट्रॉम्बोन. पळायला जागाच नव्हती.

क्लारानं हात वर करून बॅण्ड थांबवला. रेजिना चालत थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मी रेजिना. तुम्हाला बघायला आलेय. तुमचे भावोजी म्हणतात, तुम्ही नऊ वर्षांत एकदाही पुढं आला नाहीत. खरं का?”

प्लासिडनं विचार केला. “खरं आहे.”

“का?”

“समोरचा एवढा जीव तोडून धावत येतो,” प्लासिड म्हणाला. “मी मध्ये पडलो तर दोघांतल्या एकाला लागणार. एका गोलानं काय होतं?”

ऑगस्टीननं कपाळाला हात लावला. रेजिना मात्र त्याच्याकडं बघत राहिली.

“मी अपघाताच्या वॉर्डात आहे,” ती म्हणाली. “पुढं येणाऱ्या पुरुषांना रोज टाके घालते.” मग ती फ्रेडरिककडं वळली. “अंकल, मला चालेल हा.”

प्लासिड कानापर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही. क्लारा तिथंच खाली बसली आणि पिठाचे हात तोंडाला लावून रडली. बॅण्डवाल्यांना वाटलं, इशारा झाला. त्यांनी पुन्हा सुरू केलं.

लग्न जानेवारीत झालं. विक्रांतकुमारनं त्याच महिन्यात खरंच दत्तक घेतला, पण तो रेसचा घोडा. रेजिनानं एकच अट घातली होती, प्लासिडला गोलमधून मोकळा करा. आता गोलमध्ये कोण, यावर कमिटीची बैठक झालीच नाही. क्लारानं घरी जर्सी आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

फेब्रुवारीतला पहिला सामना. माझं वय त्रेचाळीस, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. खिडकीत बसून माणूस येताना दिसतो, तो चालत येतो; गोलमध्ये तो धावत अंगावर येतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. मध्यंतरापर्यंत सात झाले होते. आठव्या वेळी मी पुढं गेलो, कारण नऊ वर्षं मी लोकांना तेच शिकवलं होतं. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला आणि मी समोरच्याच्या पायात.

गोलमागं प्लासिड आणि रेजिना उभी होती. रेजिनानं माझा गुडघा दाबून पाहिला, मोडला नव्हता. आळीतले सगळे ओरडत होते, त्यातले निम्मे मला माझेच शब्द ऐकवत होते. प्लासिडनं केळीत घरंगळलेला चेंडू आणून माझ्या हातात दिला.

“जाऊ द्या, भावोजी,” तो हळूच म्हणाला. “चांगला मारला होता त्यानं.”

एक्केचाळीस गोलांत मी त्याला हे एकदाही म्हटलं नव्हतं. चेंडू मध्यावर धाडून मी त्याला तसं सांगायला मागं वळलो आणि तेवढ्यात नववा गेला.