गप्प बसा, टेप चालू हाय

आमच्या दिगंबरकाकांनी घरातलं प्रत्येक कार्य टेप केलंय, आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एकच आवाज नीट ऐकू येतो. त्यांचा स्वतःचा. "गप्प बसा रे, टेप चालू हाय!"

दादाच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत ते भटजींवर खेकसलेत, "महाराज, जरा माइककडं तोंड करा." साखरपुड्यात तर वाजंत्रीवाल्यांनाच हाकललंय. या सगळ्या कॅसेटी चाकूरच्या घरी लोखंडी पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून कुलूपबंद. हात लावला की, "हवा लागती त्यास्नी!" माझं डोकंच फिरायचं. अहो, ऐकायच्याच नाहीत तर जपता कशाला?

गेल्या दिवाळीनंतर काकू गेली. काका जास्तच तिरसट झाले. आणि परवा स्वतःच लातूरला माझ्या दारात हजर, हातात काकूच्या खणात गुंडाळलेली एक कॅसेट.

"तुझ्या बारशाची हाय. मोबाईलमदी घालून दे. ह्यात तुझ्या काकूनं माझं नाव घेतलंय."

काकूनं जन्मभर 'अहो, ऐकलं का' यावरच संसार केला. त्या एका दिवशी बायकांनी आग्रह केला म्हणून उखाण्यात तेवढं नाव घेतलं.

कॅसेटला बुरशी धरलेली. रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदारानं ती पुसून, जपून मोबाईलवर उतरवली. तेवढ्यात काकांनी त्यालाही दोनदा झापलं. लाज आणली नुसती.

घरी येऊन लावलं. पाळणा संपला. "नाव घे, नाव घे," बायकांचा गलका. मग काकूचा लाजरा आवाज. उखाणा शेवटाला आला, आता नाव येणार, तोच काका गरजले, "कोन लेकरू रडायलंय ते? गप्प करा त्याला!"

लेकरू म्हणजे मी. काकूनं घेतलेलं नाव त्या आरडाओरड्यात बुडालं. त्यावर काकू वैतागून म्हणाली, "आधी तुम्ही गप्प बसा बरं." बायका हसल्या आणि टेप संपली.

मला इतका राग आला की मोठ्यानंच बोलले, "काका, एकदा तरी तोंड मिटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला. "पुन्हा लाव," म्हणाले.

आतल्या खोलीत माझी पोरं रिमोटवरून भांडत होती, घर डोक्यावर घेतलं होतं. काका त्यांना काही बोलले नाहीत. मोबाईल कानाशी धरून बसले होते.

"आधी तुम्ही गप्प बसा बरं," काकू म्हणाली.

"बसलो की," काका म्हणाले.