पहिलं महायुद्ध आणि मंडळाचं कपाट

आषाढातला दुसरा रविवार, सकाळ. स्थळ: भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाचं सभागृह. उपस्थित: अध्यक्ष देशकर साहेब, पोलादाच्या प्लांटमधले निवृत्त अधिकारी, आणि त्यांच्या मागे सेक्टरमधली, म्हणजे साहेबांच्या वसाहतीतली मंडळी. उपाध्यक्ष हटवार, प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त, आणि त्यांच्या मागे कैंप-१ ची, म्हणजे कामगार वस्तीतली मंडळी. दोन्हींच्या मध्ये रिकाम्या खुर्च्यांची एक रांग. सचिव म्हणून मी, हातात सामानाची यादी. आणि दामोदर लांजेवार, ज्यांना कोणीच बोलावलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "सचिवबाई, पहिलं महायुद्ध कावून झालं?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. दूधवाल्याला विचारतात, बँकेतल्या मॅनेजरला विचारतात. दाताच्या डॉक्टरला विचारला तेव्हा खुद्द लांजेवार काकांच्याच तोंडात कापूस होता. समोरचा माणूस शाळेत शिकलेलं आठवून सांगतो की ऑस्ट्रियाच्या युवराजाला सारायेवोत कोणीतरी गोळी घातली म्हणून. काका याचीच वाट पाहत असतात.

"ते झालं निमित्त. मी कारण विचारून राहिलो."

लांजेवार काका मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. सगळी नोकरी प्लांटच्या विद्युत विभागात दुरुस्ती करण्यात गेली. त्यामुळे त्यांच्या इतिहासात राजे कमी आणि भट्ट्या जास्त असतात. ऑस्ट्रिया म्हणजे जुनी भट्टी, आतल्या विटा ढिल्या झालेल्या. रशिया म्हणजे मोठी भट्टी, तापायला वेळ लागतो म्हणून गरज नसताना आधीच पेटवलेली. शेजारची भट्टी पेटलेली पाहून जर्मनीनेही आपली पेटवली. मग जर्मनीच्या बादशहाला शेवटच्या क्षणी घाम फुटला. फ्रान्सकडे न जाता नुसतं रशियाकडे वळता येईल का, असं त्याने सेनापतीला विचारलं. सेनापती म्हणाला, रेल्वेचं वेळापत्रक तसं बसवलेलं नाही. इथे काका थांबतात, चष्मा काढतात आणि ऐकणाऱ्याकडे असं बघतात, जणू ते वेळापत्रक त्यानेच बसवलं होतं.

त्या रविवारी मात्र युद्ध ऐकायला कोणाला सवड नव्हती, कारण आमचंच सुरू होतं. मागच्या गणेशोत्सवात कैंपचं भजन रंगात आलेलं असताना कोणीतरी माइक बंद केला होता. कारण सेक्टरवाल्यांचे प्रमुख पाहुणे आले होते आणि त्यांचं भाषण व्हायचं होतं. त्यावरून वर्षभर धुसफूस चालली आणि शेवटी ठरलं की यंदा दोन गणपती बसवायचे. त्यासाठी मंडळाचं कपाट उघडून समया, पेटी, टाळ, सतरंज्या वाटून घ्यायच्या. मी यादी केलीच होती. पेटी एकच असल्यामुळे तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं.

मी किल्ली काढली आणि काका उठले. म्हणाले, आधी चौकशी, मग वाटणी. माइक कोणी बंद केला ते त्यांना नको होतं. ते निमित्त. त्यांना हवं होतं ते हे, की इतकी वर्षं या मंडळात खुर्च्या कोण उचलतं आणि खुर्च्यांवर कोण बसतं. कैंपची मंडळी हसली. काका लगेच त्यांच्याकडे वळले आणि विचारलं, मग इतकी वर्षं तोंड शिवून कावून बसले होते? आता सेक्टरची मंडळी हसली.

देशकर साहेब म्हणाले, लांजेवार, आता उशीर झाला, आम्ही थनौदच्या मूर्तिकाराला मूर्ती सांगून बसलो. हटवार म्हणाले, त्यांनी सांगितली म्हणून आम्हीही सांगितली. देशकरांचं म्हणणं, हटवार सांगणार असं कळलं म्हणूनच त्यांनी घाई केली.

"पाहा," काका म्हणाले. "गाड्या सुटल्या, आता वळवता येत नाही. जर्मनीनंही हेच म्हटलं होतं."

हटवार म्हणाले, काका, जर्मनी राहू द्या, किल्ली लावू द्या. तेव्हा काकांनी खिशातून एक लाल टॅग काढला आणि कपाटाच्या मुठीला तारेने बांधला. त्यावर त्यांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: माणूस कामावर आहे, चालू करू नये.

ज्यांनी प्लांट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यंत्रात शिरण्याआधी माणूस त्याच्या स्विचला आपल्या नावाचा टॅग लावतो. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. साहेब असो की मंत्री, दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत माणूस असतो. ही गोष्ट इथल्या लोकांच्या अंगात इतकी भिनली आहे की ती निवृत्तीबरोबर जात नाही.

देशकर साहेब तावातावाने उठले, कपाटापर्यंत गेले, हात पुढे केला आणि मागे घेतला. हटवार म्हणाले, काढा ना साहेब. साहेब म्हणाले, तुम्ही काढा. एक साधं गोदरेजचं कपाट, आत टाळ आणि सतरंज्या, आणि सभागृहभर पोलादात आयुष्य काढलेली माणसं. एकाचाही हात पुढे जाईना.

"काकाजी, मजाक मत करो," मागून कोणी तरुण बोलला. त्यालाही हटवारांनी दटावलं.

"टॅग माझा आहे," काका म्हणाले. "मी काढीन तवाच निघल. काय करायचं ते करा."

आणि ते घरी निघून गेले.

त्यांना समजावण्याचं काम अर्थातच सचिवावर आलं. दुपारी मी कैंपमध्ये त्यांच्या मुलाकडे गेले, काका तिथेच राहतात. सूनबाई रायपूरची, अगदी मायाळू. तिने हिंदीत या म्हटलं, हिंदीत चहा विचारला. नातू फोनमध्ये होता. टीव्ही चालू होता. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते आणि गप्प होते. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या महायुद्धाला त्या घरात जागा नव्हती. कोणी वाईट नव्हतं, फक्त ते हिंदीत नीट पेटत नसावं.

मी म्हटलं, काका, टॅग काढा. दोन गणपती म्हणजे तुम्हाला दोन्हीकडे पंगत.

"पंगत कोनाले पाहिजे?" ते हळू आवाजात म्हणाले. "बायको गेली तवापासून या घरी माझ्याशी मराठीत भांडायले कोनी नाही. सून चांगली आहे, भांडतच नाही. मंडळात दर रविवारी देशकर साहेब भांडते. त्याले माहीत आहे का गोळी कारण नाही, माझ्यापेक्षा जास्त वाचलं आहे त्यानं. तरी म्हनते, लांजेवार, गोळीच. कावून म्हनते? मी बोलावं म्हनून. मंडळ फुटलं तर तो तिकडं आन् मी कैंपात. मग मी कोनाशी भांडू, बाई?"

मी चहा घेतला आणि त्यांना म्हटलं की टॅग काढू नका.

पुढच्या रविवारी मी सभागृहात गेले तेव्हा कपाटासमोर दोन खुर्च्या होत्या. देशकर साहेब एकीवर बसून सांगत होते की वेळापत्रक वगैरे सगळं थोतांड, ती गोळी सुटली नसती तर काही झालं नसतं. काका चष्मा काढून त्यांच्यावर तुटून पडले होते. हटवार स्वतःची खुर्ची उचलून त्यांच्यात येऊन बसले आणि म्हणाले, गोळीचं ठीक आहे, पण माइकचं काय? देशकर साहेब म्हणाले, माइक मी बंद करायला सांगितला होता. त्यावर बराच वेळ भांडण झालं. सगळं मराठीत झालं.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात मी लिहिलं की कपाट बंद आहे आणि सचिव ते उघडणार नाही. काहींनी हरकत घेतली. हरकतही लिहून ठेवली.

आता एकच काम राहिलं आहे. थनौदच्या मूर्तिकाराला फोन करून दोनपैकी एक मूर्ती नको म्हणून सांगायचं आहे. नंबर मी काढून ठेवला आहे. कोणती नको, ते मात्र तिघांचं अजून ठरलेलं नाही.