दादाच्या बोटीचं झाकण

"वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा! माणसांच्या तोंडात चपखल बसेल असं काहीतरी बनवण्यात उभा जन्म गेला माझा. बोटीचं एवढंसं तोंड ते काय! रविवारच्या आत झाकण तयार!"

कवळीवाले छातीवर हात ठेवून असं बोलले, आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

कवळीवाले म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवणारे गृहस्थ. पुढे डॉक्टरीणबाई दात काढायच्या, मागे हे दात घडवायचे. आपल्या हातची कवळी तोंडात हलत नाही, वाजत नाही, आणि हललीच तर दोष हिरड्यांचा असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. या मताला उघड विरोध करणारा जगात एकच माणूस होता. तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, दादा.

"सैल आहे रे," दादा म्हणायचा.

"सवय होईल."

"अरे, खडखडते! मी बोलायला लागलो की माणसं इकडेतिकडे बघतात, काय पडलं म्हणून!"

"मग कमी बोल."

दर भेटीत हेच. दादाची कवळी दहादा घासून झाली, दहादा बसवून झाली, तरी दादा सैल म्हणायचा आणि हे घट्ट म्हणायचे. वहिनी दोघांनाही हसायच्या. "ह्यांच्या पावलांनी मला चाहूल लागतच नाही. जिन्यात खडखड ऐकू आली की मी चहा टाकते," म्हणायच्या.

आता जिना गप्प होता. थंडी सरता सरता दादा हॉस्पिटलात गेला, तो परत आला नाही. नर्सनं त्याच्या वस्तू आणून दिल्या. चष्मा आणि घड्याळ वहिनींकडे गेलं. कवळीची मोठी, गोल, निळी डबी, का कोण जाणे, कवळीवाल्यांच्या हातात आली. ती त्यांनी आपल्या हत्यारांच्या पिशवीत ठेवली. उघडली मात्र नाही. रोज कानस काढायला पिशवीत हात घातला की डबी बोटांना लागायची. मग ते ती बाजूला सरकवायचे आणि कानस काढायचे. उघडली तर आत दादाचं हसू असेल आणि त्याभोवती दादा नसेल, एवढी साधी गोष्ट होती. ती त्यांना झेपत नव्हती.

आणि आज वहिनी चादरीत गुंडाळून बोट घेऊन आल्या होत्या. दादानं स्वतःच्या हातानं बांधलेली, रिमोटवर चालणारी शिडाची बोट. उभी केली तर कमरेला लागेल एवढी. दर रविवारी सकाळी दादा ती घेऊन तळ्यावर, असल्याच बोटी सोडणाऱ्या मंडळींत जायचा.

"भावजी, सोमवारी मी लेकीकडे चाललेय, ती आता कायमचीच. घर रिकामं झालं. ही तेवढी राहिली." वहिनींनी चादर नीट केली. "ह्यांनी किती रविवार म्हटलं, चल एकदा तळ्यावर. मी म्हणायची, सवतीचा तोरा बघायला मी कशाला येऊ? एकदाही गेले नाही हो! आता एकदा बघते. तळ्यात नारिंगी फुगा तरंगत ठेवतात म्हणे, त्याला वळसा घालून आली की झालं. मग तळ्यावरच्या मंडळींना देऊन टाकते. पण हिचं झाकण कुठे गेलं कळत नाही. सगळं घर पालथं घातलं."

डेकच्या मधोमध मोठ्या वाटीएवढं गोल भोक होतं. त्यातून हात घालून आत बॅटरी ठेवायची, शिडाच्या दोऱ्या ओढणारं यंत्र सुरू करायचं, आणि वरून झाकण लावायचं. झाकण नसेल तर पहिल्याच लाटेला पाणी आत आणि बोट तळाला. वहिनींना दादाची बोट बुडताना बघायची नव्हती. बुडणं त्यांनी यंदा पुरेसं पाहिलं होतं.

म्हणून कवळीवाले छातीवर हात ठेवून बोलले.

पहिला हल्ला स्वयंपाकघरावर झाला. साखरेच्या डब्याचं झाकण कापून, घासून त्यांनी भोकावर बसवलं, कपडे भिजवायच्या टबात बोट सोडली, आणि बोट गटागटा पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी बायको हातात डबा घेऊन उभी.

"अहो, झाकण कुठाय?"

"कसलं?"

"साखरेचं! मुंग्यांची वरात चाललीय डब्यातून!"

"दादाच्या बोटीसाठी घेतलं."

बायको काहीतरी कडक बोलणार होती. दादाचं नाव ऐकल्यावर तिनं डब्याला बशी झाकली आणि गेली. भांडली असती तर बरं, असं कवळीवाल्यांना वाटलं. हल्ली दादाचं नाव काढलं की कुणी भांडतच नव्हतं.

मग त्यांनी ठरवलं, आता खरं काम करायचं. दवाखान्यात प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून साच्यावर ओढून बसवायचं मशीन होतं. रात्री दात खाणाऱ्या माणसांसाठी दातांवरचं आवरण त्यावर बनवत. त्यावर बोटीचं झाकण का होणार नाही? त्यांनी बोट टेबलावर आडवी घेतली, दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवला, आणि भोकात दाबताना सवयीनं म्हणून गेले, "आ करा." बोटीचा आ आधीच वासलेला होता.

तेवढ्यात फोन आला. तळ्यावरच्या मंडळींचे म्होरके, कप्तान. धंद्यानं शिंपी, पण छत्र्यांच्या कापडाची शिडं शिवता शिवता स्वतःला दर्यावर्दी समजायला लागलेले. पुढच्या खोलीत खुर्चीवर एक जाडजूड पेशंट तोंड उघडून पडला होता. दोन खोल्यांच्या मधे फक्त प्लायवूड. कवळीवाल्यांचा आवाज खणखणीत!

"कप्तान, भोक भलतंच मोठं आहे हो! ... नाही ना, कडा सगळ्या कुजल्यात! ... आत पाणी शिरलं की खेळ खलास! ... छे, कानशीनं काय होतंय? करवतच लागणार! ... हो हो, माझ्याकडे आहे, थोडी गंजलीय! ... नाहीच जमलं, तर रविवारी तळ्यात सोडून देऊ!"

पलीकडे खुर्ची किंचाळली. डॉक्टरीणबाई औषध भरलेली सुई घेऊन वळेपर्यंत पेशंट गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर पोचला होता. एक चप्पल मागे ठेवून गेला, ती न्यायलाही परत आला नाही.

"कवळीवाले!" डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. "हा दवाखाना आहे की गोदी?"

"बाई, दादाची..."

"मला माहीत आहे कुणाची ती." त्यांचा आवाज उतरला. "मशीन वापरा. पण तोंड बंद ठेवून!"

म्हणजे तिथेही कुणी भांडलं नाही.

झाकण मात्र झालं! आणि कसं झालं म्हणता! वरच्या जबड्याची कवळी जशी नुसत्या ओढीनं टाळूला चिकटून राहते, तसं ते डेकला चिकटायचं. कडेला व्हॅसलीनचा हात फिरवला की काम फत्ते. घरी टबात बोट उलटी बुडवली, दाबून धरली, बाहेर काढली. आत थेंब नाही!

"बोलव दादाला!" कवळीवाले आनंदानं ओरडले. "ये म्हणावं! बघ म्हणावं, आहे का सैल!"

बायको दारात होती. टब रिकामा करायच्या निमित्तानं कवळीवाले बराच वेळ तिच्याकडे पाठ करून बसले.

रविवार उजाडला. तळ्याच्या पायऱ्यांवर झाडून सगळी मंडळी जमली, टोप्या, छत्र्या, बगलेत आपापल्या बोटी. पण आज आधी कुणीच बोट सोडायची नाही असं कप्तानांनी बजावलं होतं. वहिनींसाठी खुर्ची आणली होती. त्या नीट नेसून आल्या होत्या, आणि हात मांडीवर ठेवून अवघडल्यासारख्या बसल्या होत्या.

"वाऱ्याचं काही खरं नाही," कप्तान म्हणाले. "उन्हं चढली की पडेल. सोडा लवकर."

कवळीवाल्यांनी सगळ्यांना दिसेल असं झाकण उंच धरलं, बोटीवर दाबलं, दोन्ही तळव्यांनी घट्ट बसवलं. उन्हात तापलेली बोट गार पाण्यात ठेवली. रिमोट हातात घेतला आणि दांडी ढकलली.

बोट ढिम्म!

पुन्हा ढकलली. शीड हललं नाही, सुकाणू हललं नाही.

"बटण चालू केलंत ना?" कप्तानांनी विचारलं.

"कुठलं बटण?"

"आतलं! झाकण लावायच्या आधी दाबायचं असतं ते!"

कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टबात बोट नुसती बुडवायची होती, चालवायची नव्हती, त्यामुळे बटणाचा विषयच निघाला नव्हता. त्यांनी झाकणाला नखं लावली. झाकण हलेना! आतली गरम हवा गार होऊन आकसली होती, आणि तिनं झाकण आणखीच आत ओढून धरलं होतं. कप्तानांनी ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. एकानं बोट धरली, दुसऱ्यानं बोट धरणाऱ्याला धरलं. कवळीवाल्यांनी पिशवीतून चाकू काढला, कडेत घातला, जरा उचकटला, आणि कडाड!

झाकणाचे सरळ दोन तुकडे झाले.

पायरीवर पाणी आपटल्याचा तेवढा आवाज.

"राहू द्या, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "नशिबात नाही माझ्या. तो होता तेव्हा आले नाही, आता कशाला हट्ट?" आणि त्या खुर्चीवरून उठायला लागल्या.

दादाला त्या चारचौघांत कधी 'तो' म्हणत नसत. त्यांच्या तोंडून ते नकळत गेलं होतं. कवळीवाले हातात दोन तुकडे धरून उभे राहिले. आपण दादाची कवळी कधी नीट बसवली नाही, आणि आता त्याच्या बायकोला त्याची बोटही दाखवू शकत नाही, असं वाटून त्यांना भरून आलं.

"असं घट्ट झाकण दादांनी कधी लावलंच नाही," कप्तान पुटपुटले. "त्यांचं ते निळं होतं. कडेला नख अडकवायला खाच पाडलेली. फार कौतुक त्याचं! म्हणायचे, माझ्या भावानं दिलेली वस्तू कुठेही छान बसते, फक्त तोंड सोडून!"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

कवळीवाल्यांचा हात आपोआप पिशवीत गेला. रोज बाजूला सरकवलेली डबी आज त्यांनी बाहेर काढली. निळी. त्यांनीच दादाला दिलेली. तसल्या डब्या मिळायच्या कधीच बंद झाल्या होत्या. झाकणाच्या कडेला कानशीनं पाडलेली खाच होती. हॉस्पिटलात जाताना दादानं पिशवी स्वतः भरली होती. कवळीला झाकण हवं म्हणून तेव्हा त्यानं बोटीचं झाकण काढून आपल्या डबीवर परत लावलं होतं. आपल्याच डबीच्या मापाचं भोक इतके दिवस समोर होतं, गुलाबी लगद्यानं त्याचं मापही घेतलं, आणि आपल्याला ओळखू आलं नाही! कदाचित ओळखायचंच नव्हतं.

त्यांनी झाकण उघडलं. आत कवळी होती. घासलेली, स्वच्छ, पुढचा एक दात किंचित वाकडा. तो दादानंच मागून घेतला होता, खरे वाटावेत म्हणून.

झाकण तर मिळालं. पण उघड्या डबीचं काय करायचं? कवळी खिशात घालवेना. वहिनींच्या हातात देववेना. वारा पडत चालला होता. कवळीवाल्यांनी बोटीत हात घातला, बटण दाबलं, बॅटरीशेजारी कवळी अलगद ठेवली आणि झाकण लावलं. टच्च! कप्तानांनी ते पाहिलं आणि शिडाच्या चिकटपट्टीचा तुकडा झाकणावर लावताना मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

शीड फुगलं. बोट निघाली, जराशी कलून, तोऱ्यात. वहिनी उभ्याच होत्या. पदर तोंडाशी धरून बघत होत्या. नारिंगी फुग्याशी बोट क्षणभर अडखळली, वळली आणि पायऱ्यांच्या दिशेनं परत यायला लागली. आता ती अगदी जवळून चालली होती. सगळं तळं चिडीचूप होतं. छोटी लाट आली, बोट उचलली गेली, आणि पातळ लाकडाच्या पोकळीतून स्पष्ट आवाज आला.

खडखड. खडखड.

वहिनींचा हात पदरावरच थांबला. जिन्याकडे कान लावावा तशी त्यांनी मान कलती केली. त्या कवळीवाल्यांकडे वळल्या. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"भावजी," त्या म्हणाल्या, "अजून सैलच आहे की हो!"

कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. हिरड्यांवर ढकलायची सोय आज उरलेली नव्हती.

"सैल आहे, वहिनी," ते म्हणाले. "पहिल्यापासूनच सैल आहे."

वहिनी परत खुर्चीवर बसल्या. "मग अजून एक फेरी मारा," त्या म्हणाल्या. "जरा ऐकते."

कवळीवाल्यांनी बोट वळवली. डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्यांना शीड धड दिसत नव्हतं, म्हणून ते आवाजावरच बोट हाकत होते. सगळ्या तळ्याला खडखडाट ऐकू जात होता. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. चौथ्या फेरीला त्यांनी नाक पुसलं, कप्तानांच्या कानाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"कप्तान, हे तळ्याबाहेर बोलू नका हं. गिऱ्हाइकं तुटतील."